कुळाचा कागद : पोलंडच्या कुलचिन्ह मंडळाची वाटचाल

ल्वूव शहरात 1906 साली कुलचिन्हांच्या अभ्यासासाठी मंडळ निघाले, तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी 1772, 1793 आणि 1795 असे तीनदा लचके तोडून तो संपवला होता. राजा नाही, संसद नाही, सैन्य नाही. अशा वेळी काही इतिहासकार, दफ्तरखान्यातले अभ्यासक आणि जुन्या घराण्यांतले जाणकार एकत्र आले आणि त्यांनी उमराव घराण्यांची चिन्हे, मोहरा आणि वंशावळी गोळा करायला घेतल्या. वरवर पाहता हे काम रिकामपणचे वाटेल. पण हरवलेल्या राज्याचा कारभार ज्या माणसांनी शतकानुशतके चालवला, त्यांची ओळख नोंदवून ठेवण्याचा तो प्रयत्न होता. राज्य जेव्हा नाहीसे होते, तेव्हा त्याचे कागद सांभाळणाऱ्यांना वेगळेच महत्त्व येते. या स्मरणिकेत ‘तोवाझिस्त्वो हेराल्दिच्ने’ या संस्थेचा इतिहास देताना ही गोष्ट पहिल्यांदा सांगायला हवी. पुढे तिला आपण मंडळच म्हणू.

मंडळ कशाचा अभ्यास करत होते, हे समजायला पोलंडचा उमराव वर्ग, म्हणजे तिथली श्लाख्ता, थोडी ओळखून घ्यावी लागते. युरोपात बहुतेक ठिकाणी उमराव मूठभर असत. पोलंड-लिथुआनियाच्या जुन्या राज्यात मात्र शंभर माणसांत आठ-दहा उमराव होते. त्यांत हजारो खेड्यांचे धनी होते, तसेच माझोव्हिया आणि पोदलाशे भागांतले, स्वतः नांगर धरणारे, एकाच वस्तीत दाटीवाटीने राहणारेही होते. कायद्याच्या नजरेत दोघांची पायरी एक. दोघांनाही राजाच्या निवडणुकीत मत देता येई, दोघेही प्रांतिक सभेत उभे राहून बोलू शकत. ही बरोबरी ते इतकी जपत की 1638 मध्ये त्यांच्या संसदेने परदेशी राजांकडून घेतलेल्या ‘काउंट’सारख्या पदव्या मिरवायला बंदी घातली. लिथुआनियाच्या बाजूच्या काही जुन्या राजघराण्यांचा अपवाद तेवढा ठेवला.

कुलचिन्हांचीही त्यांची रीत निराळी. फ्रान्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये एका घराण्याचे एक चिन्ह असते. पोलंडमध्ये एकच चिन्ह शेकडो आडनावांचे असू शकते, आणि त्या चिन्हाला स्वतःचे नाव असते. आपल्याकडे एकच देवक वेगवेगळ्या आडनावांच्या मराठा घराण्यांत आढळते, तसे काहीसे. यास्त्शेंबियेत्स म्हणजे निळ्या पटावर सोन्याचा नाल, त्याच्या मधोमध क्रूस, आणि वर शिरस्त्राणावर ससाणा. नावेंच म्हणजे लाल पटावर गाठ मारलेले रुपेरी शिरपट्ट. लेलिव्हा म्हणजे निळ्यावर सोन्याची चंद्रकोर आणि तारा. ही नावे बऱ्याचदा रणांगणावरच्या ललकारीतून आली. त्या ललकारीखाली जमणारे सगळे त्या चिन्हाचे. होरोदवो येथे 1413 मध्ये झालेल्या करारात पोलिश घराण्यांनी लिथुआनियाच्या 47 सरदारांना आपापल्या चिन्हांत दत्तक घेतले. रक्ताचे नाते नसताना चिन्हाचे नाते जोडून दोन राज्ये जवळ आणण्याचा हा प्रकार मला इतिहासातल्या फार सुंदर प्रसंगांपैकी एक वाटतो.

इतक्या मोठ्या वर्गाची सरकारी यादी मात्र कुठेच नव्हती. जुन्या पोलंडमध्ये उमरावांची नोंद ठेवणारे खातेच नव्हते. शेजाऱ्यांनी मान्य केले म्हणजे माणूस उमराव. त्यामुळे घुसखोरीचे आरोपही भरपूर. वालेरियान नेकांदा त्रेप्का नावाच्या गृहस्थाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खोट्या उमरावांची यादीच करायला घेतली आणि 1640 मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्या हस्तलिखितात सुमारे अडीच हजार नावे जमली होती. दुसऱ्या बाजूला स्तुतीचे ग्रंथ होते. बार्तोश पाप्रोत्स्कीचा कुलचिन्हांचा मोठा ग्रंथ 1584 चा. त्यात प्रत्येक चिन्हाची पराक्रमाची गोष्ट आहे आणि ती गोष्ट किती खरी, याची फारशी चिंता नाही. कास्पेर न्येशेत्स्की हा जेझुइट पाद्री त्याहून कडक निघाला. ल्वूवमध्येच 1728 ते 1743 या काळात त्याने चार खंडांचा कोश छापला आणि जिथे जमेल तिथे आधार दिला. मंडळाचा खरा पूर्वज मी न्येशेत्स्कीलाच मानतो.

राज्य बुडाल्यावर या सैल व्यवस्थेची किंमत मोजावी लागली. नव्या धन्यांना कागद हवे होते. ऑस्ट्रियाने 1775 मध्ये फर्मान काढून आपल्या वाट्याला आलेल्या गॅलिशियातल्या, म्हणजे ल्वूवच्या प्रांतातल्या, घराण्यांना आपली उमरावी सिद्ध करायला लावली. रशियाने 1830-31 च्या पोलिश उठावानंतर पश्चिमेकडच्या प्रांतांत कागद नसलेल्या गरीब उमरावांना 1831 च्या हुकुमाने खालच्या वर्गात ढकलले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना साऱ्या पंचक्रोशीने उमराव मानले, त्यांच्या घरात सनद नव्हती, कारण तिची कधी गरजच पडली नव्हती. वॉर्सॉमध्ये 1836 साली उमरावी तपासण्याचे खाते उघडले आणि ते 1861 पर्यंत चालले. लोक जुन्या न्यायालयांच्या वह्या धुंडाळू लागले. खोटे दाखले बनवून देणाऱ्यांचेही फावले.

म्हणून मंडळ ल्वूवमध्ये निघाले, यात योगायोग नाही. ऑस्ट्रियाच्या अमलाखाली गॅलिशियाला 1860 च्या दशकापासून स्वायत्तता होती, विद्यापीठात पोलिश भाषा होती, ओसोलिन्स्की घराण्याच्या नावाचे मोठे ग्रंथालय होते. आणि शहरातल्या बर्नार्दिन मठात जुन्या किल्ल्यांच्या आणि जमिनीच्या न्यायालयांच्या हजारो वह्या ठेवल्या होत्या. त्या वह्यांतल्या नोंदी 1868 पासून खंडाखंडाने छापल्या जात होत्या. 1891 पासून त्या दफ्तरखान्याचे प्रमुख होते कायद्याच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक ओस्वाल्ड बाल्झर. कच्चा माल इतका हाताशी असलेले दुसरे पोलिश शहर सापडणे कठीण.

संस्थापकांत येझी दुनिन-बोर्कोव्स्की हे नाव पुढे येते. ते स्वतः काउंट घराण्यातले, आणि घराण्यांच्या याद्या करण्यात त्यांनी आयुष्य घातलेले. पोलंडच्या थोर घराण्यांची त्यांची मोठी सूची 1908 मध्ये ल्वूवला छापून झाली आणि त्याच वर्षी ते वारले. पण मंडळाला त्याचा स्वभाव दिला तो व्वादिस्वाफ सेमकोविच यांनी. 1878 मध्ये जन्मलेले सेमकोविच तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. मंडळाचे मासिक 1908 मध्ये सुरू झाले ते त्यांच्या संपादनाखाली. त्याच सुमारास वार्षिकही निघू लागले. मासिकात लहान टिपणे, चौकशा, मोहरांची चित्रे, पुस्तकांची परीक्षणे, आणि वार्षिकात मोठे संशोधन, अशी वाटणी होती.

त्या काळी वातावरण कसे होते, हे लक्षात घ्यायला हवे. क्राकूवचे विद्वान फ्रांचिशेक प्येकोशिन्स्की यांनी पोलिश चिन्हांचा उगम उत्तरेकडच्या रून लिपीत शोधला होता आणि उमरावांची मुळे राजवंशाशी नेऊन भिडवली होती. प्येकोशिन्स्कींनी जमवलेल्या जुन्या मोहरांचे मोल आजही आहे. त्यांच्या सिद्धान्तावर मात्र विश्वास ठेवणे अवघड होते. दर घराण्याला आपला मूळ पुरुष कुठल्या तरी राजाच्या शेजारी उभा हवा असे. सेमकोविच यांनी या मोहाला नकार दिला. एकेक कूळ घेऊन त्याची खेडी, लग्ने, मोहरा आणि न्यायालयातल्या साक्षी जुळवत त्यांनी पावुका आणि आव्दान्येत्स यांसारख्या मध्ययुगीन कुळांचे इतिहास लिहिले. मंडळाच्या साऱ्या कामात मला सर्वांत मोठे वाटते ते हेच. कुळाच्या अभिमानावर पोसलेल्या विद्येला त्यांनी पुराव्याच्या कसोटीला लावले, आणि हे करताना त्या अभिमानाचा अपमान केला नाही.

त्यांचे एक काम जवळून पाहण्यासारखे आहे. वार्षिकाच्या तिसऱ्या खंडात, 1911-12 च्या, त्यांनी चौदाव्या ते सतराव्या शतकातले उमरावी सिद्ध करण्याचे खटले एकत्र छापले. एखाद्यावर कोणी आरोप केला की हा उमराव नाही, तर तो न्यायालयात सहा साक्षीदार घेऊन येई. वडिलांच्या कुळातले दोन, आईच्या कुळातले दोन, आणि उरलेले दोन आणखी एका कुळातले, बहुधा आजीच्या. साक्षीदार शपथेवर सांगत की हा आमचा भाऊबंद आहे, याचे चिन्ह अमुक, याची ललकारी तमुक. कारकून ते लॅटिनमध्ये उतरवून घेई. चित्र काढायची सोय नसल्यामुळे तो शब्दांत लिही : नाल आहे, त्यात क्रूस आहे. गंमत अशी की त्या कारकुनाला चिन्हशास्त्राशी काही घेणेदेणे नव्हते. तो निव्वळ आपले काम उरकत होता. म्हणूनच त्याच्या नोंदी विश्वासाच्या. नंतरच्या स्तुतिग्रंथांत जे सजवून येते, ते इथे कोरडे आणि जिवंत सापडते. या नोंदींवरून एखादे चिन्ह कोणत्या दशकात कोणत्या भागात होते, ते कोणत्या नावाने ओळखले जाई, आईची बाजू साक्षीत किती मोलाची होती, हे सारे उलगडत गेले.

येलिता या चिन्हाचे उदाहरण घ्या. लाल पटावर सोन्याचे तीन भाले. थोर मुत्सद्दी यान झामोयस्की याच चिन्हाचा. त्यामागची कथा पोलंडमध्ये सर्वांच्या तोंडी आहे : प्वोव्त्सेच्या 1331 च्या लढाईत फ्लोरियान शारी नावाचा वीर तीन भाले लागून पडला, आतडी बाहेर आली, राजाने त्याला तशा अवस्थेत पाहिले आणि हे चिन्ह दिले. पण याच कुळाचे जुने नाव बोकडाच्या शिंगांवरून पडलेले आहे, आणि शिरस्त्राणावर आजही बोकडच उभा आहे. कथा नंतर आली, बोकड आधीचा. कथेत शौर्याचे जे मोल आहे ते तसेच राहते. फक्त ती केव्हा सांगितली जाऊ लागली, हे आपल्याला कळते.

मंडळाच्या वर्तुळात हेलेना पोलाचकूव्हना यांचे काम फारसे बोलले जात नाही, याची मला खंत वाटते. 1881 मध्ये जन्मलेल्या या ल्वूवच्या बाई दफ्तरखान्यात वाढल्या आणि जुन्या मोहरांच्या जाणकार झाल्या. पंधराव्या शतकातला इतिहासकार यान द्वुगोश याने चिन्हांची यादी केली होती. तिची एक प्रत पॅरिसच्या आर्सेनाल ग्रंथालयात पडून होती. पोलाचकूव्हना यांनी ती अभ्यासून 1926 मध्ये छापली. पोलिश चिन्हशास्त्राच्या सर्वांत जुन्या साधनांवरही त्यांचे लेखन आहे. 1942 मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत, त्यांचे निधन झाले.

पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, मासिक बंद पडले. 1918 मध्ये पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला, मंडळाच्या नावात ‘पोलिश’ हा शब्द आला, आणि त्याच वेळी एक नवा प्रश्न उभा राहिला. 17 मार्च 1921 च्या संविधानाच्या 96 व्या कलमाने जाहीर केले की प्रजासत्ताक जन्माचे आणि वर्गाचे कोणतेही विशेषाधिकार मानत नाही, कुलचिन्हे आणि घराण्याच्या पदव्याही मानत नाही. ज्या देशासाठी घराण्यांनी शतकभर उठाव केले, कैद भोगली, जमिनी गमावल्या, त्या देशाने हे कलम केले. काहींना ते जिव्हारी लागले. मला ते योग्य वाटते, आणि मंडळाच्याही भल्याचे वाटते. चिन्हाला कायद्यात किंमत उरली नाही, तेव्हा खोटे दाखले करून मिळण्यासारखे फारसे काही राहिले नाही. उरला तो इतिहास. सेमकोविच तोवर क्राकूवच्या यागियेलोन विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. वार्षिकाचा अकरावा खंड 1932 मध्ये निघाला. मासिक 1930 मध्ये पुन्हा सुरू झाले आणि 1939 पर्यंत चालले.

1939 च्या सप्टेंबरात एका बाजूने जर्मनी आणि दुसऱ्या बाजूने सोव्हिएत संघ पोलंडमध्ये घुसला. ल्वूव सोव्हिएतांकडे गेले. क्राकूवमध्ये 6 नोव्हेंबरला जर्मनांनी विद्यापीठात बोलावून 180 हून अधिक अध्यापकांना पकडले. त्यांत व्वादिस्वाफ कोनोप्चिन्स्की होते. त्यांनी 1935 मध्ये सुरू केलेल्या पोलिश चरित्रकोशाला वंशावळीच्या अभ्यासाचा मोठा आधार होता. पूर्वेकडच्या प्रांतांतून 1940 च्या फेब्रुवारीपासून गाड्या भरभरून कुटुंबे सैबेरियाकडे आणि कझाकस्तानकडे रवाना झाली. जमीनदार, वनाधिकारी, माजी सैनिक, शिक्षक, त्यांची बायकामुले. याच माणसांपैकी काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश राहिले. त्यांची शाळा, त्यांचे चर्च, त्यांची नाटके कोल्हापूरकरांच्या जुन्या पिढीने पाहिली आहेत. या लोकांनीही पुढे आपला इतिहास कागदपत्रे आणि आठवणी जमवून स्वतःच छापला. मुळापासून उखडलेल्या माणसांना नोंद ठेवण्याची किती निकड वाटते, हे त्यावरून दिसते.

कागदांवर 1944 साली सर्वांत मोठा घाव बसला. वॉर्सॉचा उठाव चिरडताना जर्मनांनी शहर पद्धतशीर जाळले. मध्यवर्ती जुन्या अभिलेखागाराची इमारत सप्टेंबरच्या आरंभी पेटली. झामोयस्की घराण्याचे ग्रंथालय गेले. क्रासिन्स्की ग्रंथालयातले हस्तलिखितांचे भांडार ऑक्टोबरमध्ये, उठाव संपल्यावर, मुद्दाम आग लावून नष्ट केले गेले. शतकानुशतके घराण्यांनी जपलेले संग्रह काही आठवड्यांत राख झाले. वॉर्सॉच्या जुन्या उमरावी खात्याच्या दफ्तराचाही काही भागच उरला.

त्याच सप्टेंबरात नव्या कम्युनिस्ट सत्तेने जमीनसुधारणेचा हुकूम काढला. 50 हेक्टरांहून अधिक शेतजमीन असलेल्या जहागिरी ताब्यात घेण्यात आल्या. मालकांना आपल्या तालुक्यातही राहता आले नाही. वाडे सरकारी शेतीला, शाळांना, धान्याच्या कोठारांना दिले. घराघरांतली चित्रे आणि कागद कोणी लपवले, कोणी संग्रहालयांना दिले, पुष्कळसे नुसतेच विखुरले. सेमकोविच 1949 मध्ये क्राकूवला वारले. त्यांचे लॅटिन लिपीशास्त्राचे पुस्तक त्यांच्यामागे, 1951 मध्ये, बाहेर आले. ल्वूव आता सोव्हिएत युक्रेनमध्ये होते. मंडळ नावापुरतेही उरले नव्हते.

तरीही काम पूर्ण थांबले नाही, आणि त्याचे श्रेय एकेकट्या माणसांना आहे. पोझनान येथे व्वोजिमेश द्वोझाचेक न्यायालयीन वह्यांतून आणि चर्चच्या नोंदींतून व्येल्कोपोल्स्का भागातल्या घराण्यांच्या टिपणांच्या चळती जमवत राहिले. उमराव या शब्दाकडे सरकार संशयाने पाहत असताना त्यांनी 1959 मध्ये वंशावळशास्त्राचा पाया ठरलेला ग्रंथ छापला. चार वर्षांनी, 1963 मध्ये, त्रेप्काची ती खोट्या उमरावांची यादी त्यांनी दोन सहकाऱ्यांसह संपादून प्रसिद्ध केली. द्वोझाचेक 1988 मध्ये गेले. त्यांच्या टिपणांचा संग्रह पुढे कुर्निकच्या ग्रंथालयाने संगणकावर आणला आणि आज जगभरचे पोलिश वंशज तो चाळतात.

मंडळाची पुन्हा उभारणी झाली ती 1987 मध्ये, वॉर्सॉत. कम्युनिस्ट राजवट अजून संपायची होती. अध्यक्षपदी आले स्तेफान क्शिश्तोफ कुचिन्स्की, चिन्हे आणि मोहरांचे गाढे अभ्यासक. 2010 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मंडळ सांभाळले. वार्षिकाचा नव्या मालेतला पहिला खंड 1993 मध्ये निघाला, तेव्हा त्यावर दोन क्रमांक छापले : नवा पहिला आणि कंसात जुना बारावा. 1932 चा अकरावा खंड आणि हा बारावा, यांच्यामध्ये साठाहून अधिक वर्षे गेली होती. पण मोजणी थांबलेली नाही, हे त्यांनी त्या कंसात सांगून टाकले. त्याच वर्षी कुचिन्स्की यांचे पोलंडच्या प्रांतचिन्हांवरचे पुस्तक आणि युझेफ शिमान्स्की यांचा मध्ययुगीन सरदारांच्या चिन्हांचा कोश, दोन्ही आले. एका वर्षात इतके पीक क्वचितच येते.

नव्या मंडळाच्या अभ्यासाचा आवाका बराच मोठा. शवपेटीवरची चित्रे हा त्यातला एक विषय. सतराव्या-अठराव्या शतकांत उमरावांच्या अंत्यविधीला मृताचे चित्र धातूच्या पत्र्यावर काढून पेटीच्या डोक्याकडच्या बाजूला ठोकत, जणू तो स्वतः जमलेल्यांकडे पाहत आहे. पेटीच्या बाजूंना चिन्हांचे पत्रे लावत आणि त्यांवर नावाची, पदाची फक्त आद्याक्षरे. एका रांगेत सात-आठ अक्षरे, आणि त्यांतून माणूस शोधायचा. चिन्ह ओळखता आले तर कूळ कळते, पदाची अक्षरे लागली तर प्रांत कळतो, मग त्या प्रांताच्या अधिकाऱ्यांच्या यादीत नाव सापडते. कधी एका पत्र्यावर चार चिन्हे असतात, वडिलांचे, आईचे, दोन्ही आज्यांचे. मियेंझिझेच येथील संग्रहालयात अशा चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह आहे.

1999 च्या प्रशासकीय फेररचनेने या विद्येला अनपेक्षित उपयोग दिला. 308 जिल्हे नव्याने उभे राहिले आणि प्रत्येकाला चिन्ह हवे होते. सरकारने कायद्यात बदल करून चिन्हांवर मत देणारा आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद कुचिन्स्कींकडे आले. अनेक पोलिश शहरांची चिन्हे मुळात तिथल्या उमराव धन्यांची. तार्नूव शहरावर आजही लेलिव्हाची चंद्रकोर आणि तारा आहे, कारण 1330 मध्ये ते वसवणारा स्पिचिमिर त्या कुळाचा होता. तिथले मजूर, दुकानदार आणि शाळकरी पोरे ते चिन्ह आपले मानतात, आणि ते खरेच त्यांचे आहे.

1989 नंतर उमराव घराण्यांचे वंशजही उघडपणे एकत्र येऊ लागले. ग्दान्स्कमध्ये 1995 साली पोलिश श्लाख्ता संघ स्थापन झाला. त्याचा सभासद व्हायला उमराव कुळातला जन्म कागदपत्रांनी दाखवावा लागतो. कायद्याने त्याला कसलाही अधिकार मिळत नाही. मंडळाचे काम याहून वेगळे आहे. तिथे कुळापेक्षा अभ्यासाला किंमत. पण संघाच्या इच्छुकाला पणजोबांचा दाखला शोधायचा असेल, तर तो शेवटी अशा अभ्यासकांनी तयार केलेल्या सूच्यांपाशीच येऊन थांबतो. वॉर्सॉच्या खात्यातून जे कागद आगीतून आणि विस्थापनातून वाचले, त्यांच्यासह छापील जुन्या नोंदींवरून 1836 ते 1861 मध्ये मान्यता मिळालेल्या घराण्यांची सूची एल्झ्‌ब्येता सेन्चिस यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केली. आणि ल्वूवच्या बर्नार्दिन मठातल्या वह्या जिथे होत्या तिथेच आहेत. आता ते युक्रेनचे मध्यवर्ती ऐतिहासिक अभिलेखागार आहे. 1991 नंतर पोलिश संशोधक पुन्हा तिथे जाऊ लागले, आणि ज्या वह्यांतून सेमकोविच यांनी साक्षी टिपल्या होत्या त्यांतली पाने युक्रेनियन सहकाऱ्यांच्या मदतीने पुन्हा वाचली जात आहेत.